अप्पांची अक्षरं कर्व्ह करण्याबाबत

चिटगुप्पा,
२ फेब्रुवारी २००७

ती. सौ. नेत्रावती अक्काला धाकटा भाऊ संगमेश्वर याचे शरणु शरणार्थी. मल्लिकार्जुन दाजींना वाकून नमस्कार, आणि धनलक्ष्मीला मामाकडून एक टपली, हळू.

इकडं अव्वा आणि मी खुशाल आहोत असं लिहायची पद्धत हाय म्हणून लिहितो. अव्वाचे गुडघे दुखतेत, मला चष्मा लागलाय, त्यातनं खुशाली किती काढायची ते तू ठरव. दाजींची कंपनीतली शिफ्ट बदलली का, भोसरीत पाणी अजून एक दिवसाआडच येतं का, धनलक्ष्मी अभ्यास करतीय का टीव्ही बघतीय, हे सगळं विचारायचं हाय. उत्तर द्यायचं का न्हाई ते तुझ्यावर. अकरा महिने झाले, तू माझ्याशी बोलली न्हाईस. अव्वासाठी फोन करतीस आणि मी उचलला की ठेवून देतीस. (मी मुद्दाम उचलतो. ठेवायच्या आधी तुझा श्वास तरी ऐकू येतो.)

पत्र हातानं लिहायलोय, अक्षर बघून हसू नको. काशाप्पा पेंटरच्या पोराचं अक्षर असं कसं, हे शाळेत गुरुजीबी विचारायचे आणि घरी अप्पाबी विचारायचे. कॉम्प्युटर घेतला त्याचं निम्मं कारण हेच हाय.

तू कामून बोलत न्हाईस ते मला ठाऊक हाय. अप्पांच्या अकराव्या दिवसाच्या, शिवगणाराधनेच्या पत्रिकेत तुझं नाव न्हाई. पोरीचं लग्न झालं की ती घरातनंच गेली का, असं तू विचारलंस, आणि मी सांगितलं की सोलापूरच्या प्रेसवाल्यानं घोळ घातला. ते खोटं होतं, अक्का. प्रेसवाल्याची काडीची चूक न्हाई. अकरा महिने त्या माणसाच्या नावानं खडे फोडून मी झोपायलोय, आणि तो दर महिन्याला मला विचारतोय, आईची तब्येत कशी हाय. म्हणून आज खरं लिहितो. पण त्यासाठी माझा धंदा तुला थोडा समजला पाहिजे. जरा कळ काढ.

मी दुकानात कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवतो, कोरल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. छापायला सोलापूरला जाती. सीडी करायची, पाकिटात घालायची आणि सोलापूरच्या बसच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. आता ह्यात मेख अशी हाय की मी जी अक्षरं बघतो ती पत्रिकेच्या फाईलीत नसतातच. फाईलीत एवढंच लिहिलेलं असतं की इथं अमुक फाँटातलं अमुक अक्षर काढ. फाँट असतो माझ्या कॉम्प्युटरात. सोलापूरच्या कॉम्प्युटरात तो नसला की ते बिचारं हाताला लागंल ते काढून ठेवतं: टक्के, कंस, डॉलर, इंग्रजी अक्षरं. म्हणून सीडी करायच्या आधी सगळं निवडायचं आणि कंट्रोल धरून क्यू दाबायचं. ह्याला आम्ही कर्व्ह मारणं म्हणतो. कर्व्ह मारलं की अक्षर हे अक्षर राहात न्हाई, नुसती रेघांची आकृती होती. मग ती कुठंबी न्या, जशीच्या तशी छापती. पण परत आत कर्सर घालून एक काना बदलायचा म्हटलं तरी बदलत न्हाई.

श्रीपतरावांचं तुला सांगितलं का? (न्हाई, तवा आपण बोलत नव्हतो.) आपल्या गल्लीतले श्रीपतराव, त्यांच्या पोरीचं लग्न. आठ वर्षं त्यांचं मेहुण्याशी वाकडं, म्हणून पत्रिकेत मामाचं नावच घातलं न्हाई. दुकानात बसून तीनदा वाचलं, खाली सही केली, मी कर्व्ह मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा घरी आला, गळ्यात पडला, दोघं मिळून पोहे खाल्ले, आणि श्रीपतराव पळत दुकानात, मेहुण्याचं नाव घाल, तुळजाराम, म्हणून. जुनी फाईल मी वेगळी ठेवली नव्हती, त्याच्यावरच सेव्ह केलेली. मग काय करावं? पत्रिकेतलीच अक्षरं उचलून जोडत बसलो. तु घेतला तुमच्यातनं, ळ घेतला मंगळवारातनं, जा घेतला बाजारातनं, राम घेतला वरच्या देवाच्या नावातनं, आणि तो देवाचा म्हणून चौपट मोठा. तुळजाराम असे उभे राहिले की घरातली लहान-मोठी सगळी माणसं फोटोला उभी केल्यावाणी. मेहुणा मात्र खूश. अख्ख्या पत्रिकेत आपलंच नाव ठसठशीत हाय म्हणून त्यानं दहा पत्रिका जास्त मागून घेतल्या. तवापासनं मी नियम केलाय, गिऱ्हाइकाची सही झाली तरी एक दिवस थांबायचं आणि मगच कर्व्ह मारायचं. माणसांचं काय सांगता येतं, एका रात्रीत गोड होतेत.

आता अप्पांचं. मातीच्या दिवशी तू अंगणात सगळ्यांसमोर म्हणलीस, तुझ्या मशिनीनं अप्पांचा हात खाल्ला. त्यावर मी भांडणार न्हाई. ते निम्मं खरं हाय, आणि उरलेल्या निम्म्याचा विचार मी रोज करतो. चिटगुप्प्यातला प्रत्येक बोर्ड अप्पांच्या हातचा होता. मराठी, कन्नड आणि उर्दू, तिन्ही. (उर्दू त्यांना वाचता येत नव्हतं. सायकल दुकानातले चाचा कागदावर लिहून द्यायचे आणि अप्पा ते चित्रावाणी काढायचे, पण चाचाच म्हणायचे की माझ्यापेक्षा काशाप्पाचं वळण बरं.) मग नगरसभेच्या इलेक्शनात शरणम्मा उभ्या राहिल्या आणि त्यांचा फोटोवाला फ्लेक्स माझ्याच दुकानात जुळला. गुलबर्ग्याहून एका दिवसात छापून आला. अप्पा चौकात जाऊन बघून आले, हात लावून बघितला, आणि घरी येऊन एवढंच म्हणले की ह्याला वास न्हाई. त्या इलेक्शनात अप्पांना एकबी भिंत मिळाली न्हाई. पुढं दुकानवाल्यांनीबी जुने बोर्ड उतरवले. कुणी वाईट बोललं न्हाई, सगळे चहा पाजायचे, पण काम माझ्याकडं घेऊन यायचे.

मग अप्पा माझ्याच दुकानात येऊन बसायला लागले. कॉम्प्युटरकडं पाठ करून बसायचे आणि मधेच वळून नावं ठेवायचे. तुझा क पोट धरून उभा हाय. तुझ्या श ला मान न्हाई. ह्या ह ला कुणी मारलंय का. गिऱ्हाइकासमोर. शेवटी मी वैतागून म्हणालो, मग तुम्हीच द्या लिहून, तुमची अक्षरं घालतो ह्याच्यात. त्यांनी त्याच दिवशी ब्रश भिजवला.

पण अक्का, क ख ग असं सुटं लिहा म्हटलं तर लिहिनात. एकट्या अक्षराला उभं कसं करू, शेजार पाहिजे, म्हणले. सुटं अक्षर कुठं बघतं तेच कळत न्हाई. म्हणून मग अख्खे शब्द लिहायचे आणि त्यातनं मी अक्षरं वेगळी काढायची असं ठरलं. अख्खी थंडी तेच चाललं होतं. ते लिहायचे, मी स्कॅन करायचो आणि माऊसनं त्यांच्या रेघेवरनं रेघ ओढायचो. रेघ वाकती तिथं एकेक ठिपका लागतो, त्याला नोड म्हणतेत. अप्पांनी ब्रश कुठं दाबला, कुठं उचलला, कुठं श्वास घेतला, ते मला त्या ठिपक्यांत समजायला लागलं. सत्तावीस वर्षं त्यांच्या हाताखाली डबे धरले तवा समजलं न्हाई ते.

एकेक अक्षर की-बोर्डच्या एकेक बटणाला बांधून फाँट झाला. त्याला नाव द्यावं लागतं, मी काशाप्पा दिलं. पहिल्यांदा टाइप करायचं तवा अप्पांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, काय लिहू. मला वाटलं देवाचं नाव सांगतील, न्हाईतर स्वतःचं. ते म्हणले, येथे सायकलचे पंक्चर काढून मिळेल. तो त्यांचा पहिला बोर्ड होता म्हणं, सोळाव्या वर्षी केलेला. मी बटणं दाबली आणि त्यांच्या हातची अक्षरं एकामागं एक येत गेली. अप्पा पुढं वाकले, स्क्रीनवर बोट ठेवलं. मग म्हणले, मिळेलच्या ळ ला जरा डावीकडं घे.

कोरलमध्ये कुठलीबी अक्षरं निवडली की खालच्या पट्टीवर फाँटाचं नाव येतं. आपल्या त्या अक्षरांवर गेलं की काशाप्पा असं येतं. (इंग्रजीत येतं, पण येतं.) हे ध्यानात ठेव, सगळा घोळ त्या पट्टीतच झालाय.

मार्चात अप्पा गेले. तू आलीस, चौथ्या दिवशी धनलक्ष्मीच्या परीक्षेसाठी परत गेलीस, अकराव्याला येते म्हणून सांगून. मी पत्रिका करायला बसलो. मागची बाजू कन्नड. तिला वेळ नव्हता म्हणून जुन्या एका पत्रिकेचा साचा घेतला आणि नावं बदलली. त्यात आपल्या गावच्या रिवाजानं बायकोचं आणि पोराचं, अशी दोनच नावं होती, तर मी अव्वाचं घातलं आणि माझं घातलं. अक्का, त्यावेळी डोकं जाग्यावर नव्हतं हे कारण न्हाई. मला ते खटकलंच न्हाई, हे खरं कारण हाय. पुढची मराठी बाजू मात्र सगळी अप्पांच्या फाँटात केली, आणि तिथं अव्वाच्या खाली तुझं नाव, तुझ्या खाली माझं. मला वाटलं, अप्पांच्या अक्षरात तुझं नाव हाय, ह्यापेक्षा जास्त काय पाहिजे.

कन्नड बाजूला कर्व्ह मारलं. मग मराठी बाजू निवडली. कंट्रोल धरला, आणि खाली बघितलं. पट्टीवर काशाप्पा. क्यू दाबलं की ते नाव जातं, आणि तिथं येतं: कर्व्ह, इतके हजार नोड. सहा वर्षांत मी किती पत्रिकांना कर्व्ह मारलंय त्याला गणती न्हाई. लग्नाच्या, बारशाच्या, मेलेल्या माणसांच्या. त्या दिवशी माझं बोट खाली गेलं न्हाई. अजून त्या ओळीत कर्सर घातला तर अप्पा पुढं लिहायला तयार होते. चार दिवसांपूर्वी ह्याच हातानं त्यांच्यावर माती लोटून आल्तो, परत एकदा माझ्याकडनं झालं न्हाई.

फाँट सीडीत टाकून दिला असता तरी भागलं असतं, हे मला समजत नव्हतं असं न्हाई. पण परक्याच्या मशिनीत अप्पांना सोडून यायचं, आणि उद्या त्यानं त्या अक्षरात मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात छापली तर, असंबी मनात आलं. (अप्पांनी अशा जाहिराती हातानं लई रंगवल्यात, ते निराळं.) सीडी तशीच गेली. आणि संध्याकाळी प्रेसवाल्याचा फोन आला. फाँट मिसिंग दाखवायलंय, काय करू. घरात तीस माणसं, कुणीतरी रडायलंय, कुणीतरी मीठ कुठं ठेवलंय विचारायलंय. मी म्हणालो, हाय तसं घ्या. ऐकलंस का अक्का? त्यानं विचारलं होतं. आणि आमच्या धंद्यात गिऱ्हाईक हाय तसं म्हणालं की हाय तसंच छापायचं, बोट लावायचं न्हाई.

पत्रिकांचा गठ्ठा नवव्या दिवशी दुपारी बसनं आला. मी स्टँडवर पोचायच्या आधी भीमण्णा हॉटेलवाले तिथं लुना घेऊन उभे. अप्पांच्या सोबतीचा माणूस, काम अंगावर घेतलेलं. तुझी एक तेवढी त्यांनी स्टँडवरच्या कुरियरवाल्याकडं दिली आणि बाकीचा गठ्ठा घेऊन तिथनंच गावात सुटले. दिवे लागायच्या आत सगळ्या वाटून मोकळे. मी पत्रिका बघितली ती शेजारच्याच्या घरात. मराठी बाजूवर एकबी मराठी अक्षर नव्हतं. अप्पांच्या नावाच्या जागी एक टक्का, दोन कंस आणि एक डॉलर.

मी घरोघर माफी मागत निघालो, आणि काय सांगू, गावात एका माणसाची तक्रार न्हाई. कन्नडवाल्यांनी कन्नड बाजू वाचली आणि पाठीमागं मराठी हाय म्हणून सोडून दिली. मराठीवाल्यांना वाटलं, काशाप्पाची पोरगी पुण्यात असती, तिच्याकडच्या लोकांसाठी इंग्रजीत छापलं असंल. हायस्कूलचे इंग्रजीचे सर म्हणले, मला वाटलं तेलुगू, औरादकडचे तुमचे पावणे हायेत ना. औरादचे पावणे म्हणले, शिकलेल्या माणसाचं घर हाय, असंल कायतरी. आणि सायकल दुकानातल्या चाचांनी ती उजवीकडनं वाचून बघितली, चष्मा पुसून परत बघितली आणि खिशात ठेवली. तीन भाषांच्या गावात राहायचं म्हणजे हे असं हाय, न समजणारं सगळं शेजाऱ्याचं असतं. अकराव्याला एक माणूस चुकला न्हाई. भीमण्णांनी तोंडानं सांगितलंच होतं. मी वाढता वाढता हसायलो होतो आणि लोकांना वाटलं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला.

चूक धरली ती एकट्या अव्वानं. तिला कुठलीच भाषा वाचता येत न्हाई. तिनं पत्रिका मांडीवर घेतली, ओळीवरनं बोट फिरवलं, उलटी करून परत फिरवलं, आणि म्हणाली, हे त्यांच्या हातचं न्हाई. एवढंच म्हणाली आणि पत्रिका माझ्या हातात दिली. तिथं मी पहिल्यांदा रडलो.

आणि दहाव्या दिवशी तुला कुरियरनं ती मिळाली. एका बाजूला कचरा, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये अव्वाचं आणि माझं नाव. तुला दोन्ही भाषा येतात, त्यामुळं गावातल्यावाणी तुला शेजाऱ्यावर ढकलता आलं न्हाई. तू आली न्हाईस. फोनवर तुला खरं सांगायचं तर कर्व्ह कामून मारलं न्हाई हे सांगावं लागलं असतं, आणि ते मला अप्पांच्या फोटोसमोर उभं राहूनबी बोलवलं नसतं. प्रेसवाल्याचं नाव घेणं सोपं होतं. त्या अकराव्याच्या पंगतीत तुझी जागा रिकामी राहिली ती माझ्यामुळं. माझं चुकलं, अक्का.

मार्चात वर्ष होतंय. पुण्यस्मरणाची पत्रिका करायला घेतलीय, म्हणून हे सगळं आत्ता लिहिलं. अव्वा तुझी आठवण काढती, मीबी काढतो. दाजींना आणि धनलक्ष्मीला वाचून दाखवलंस तर श्रीपतरावांचं तेवढं दाखव, माझं रडलेलं गाळ.

तुझा,
संगू

ता. क. नव्या पत्रिकेचं प्रूफ सोबत जोडलंय. ह्यावेळी दोन्ही बाजूंना तुझं नाव हाय, आणि माझ्या वर. सगळं तपासून सही करून पाठव. सहीशिवाय मी कर्व्ह मारत न्हाई, दुकानाचा नियम हाय.

ता. क. २. सहीचं खोटं हाय. श्रीपतरावांसारखी सही आता कुणी करत न्हाई, सगळं तोंडी चालतं. आणि पत्रिका छापायचीबी गरज न्हाई, भीमण्णा म्हणतेत नुसता सांगत फिरतो, मागच्या वेळी वाचली कुणी. फाईल आठवडाभर उघडी हाय. मी रोज कंट्रोल धरतो आणि सोडतो. तू ये, शेजारी खुर्ची घालतो. कंट्रोल मी धरतो, क्यू तू दाब.

ता. क. ३. एक सांगायचं राहिलं. त्या थंडीत मी अप्पांना म्हणालो होतो, शब्दच लिहायचे तर लिहा कायबी, किराणा, भुसार, जे हाताला सवयीचं असंल ते. त्यांनी ब्रश भिजवला आणि पहिला शब्द नेत्रावती लिहिला. मग कितीतरी वेळ दुसरा लिहिलाच न्हाई. ते पान माझ्याजवळ हाय. ह्याच पाकिटात घालणार होतो, पण घडी घालावी लागती. येऊन घेऊन जा.